तांबडीच्या डोळ्याखालचा डाग

जनावर एखादी दुखरी आठवण किती वर्षं मनात धरून ठेवत असेल? बी.ए. झाले तरी याचं उत्तर मला देता येत नाही...

गेल्या महिन्यातली गोष्ट. तुळजापूरच्या मोटार स्टँडवर माझे वडील, आबा, टांगा जोडत होते आणि आमच्या तांबडीनं त्यांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. दोन वर्षांत चौथ्यांदा.

तांबडी म्हणजे आमची घोडी. माळेगावच्या जत्रेतून आबांनी आणलेली. चालायला गुणी, ओझ्याला कधी कुरकुर नाही. पण लगाम चढवायला हात तोंडाजवळ गेला की तिचे कान मागं जातात, डोळे पांढरे होतात. उजव्या डोळ्याखाली भाजल्याचा रुपयाएवढा डाग आहे. लहानपणी पेटत्या चुलीशी गेली होती, असं विकणाऱ्यानं सांगितलेलं.

या खेपेला आबांनी ठरवलंच. भूमच्या एका माणसाशी बोलणी झाली, पुढच्या बाजारी घोडी न्यायची. तो माणूस स्टँडवर मी पाहिला होता. आधी चाबूक, मग तोंड, अशी त्याची रीत... मला जेवण जाईना.

मला वाटलं, तिचं आधीचं आयुष्य कळलं तर उपाय सापडेल. शिकल्यापासून माझा असा विश्वासच आहे, की खरी माहिती मिळाली की निम्मं काम होतं. जत्रेच्या पावतीवर विकणाऱ्याचं नाव होतं, महबूबसाहेब, नळदुर्ग. घोडी त्यांच्याच घरी जन्मलेली, एवढं आबांना माहीत होतं. मी त्यांना सविस्तर पत्र टाकलं. ती चावते, आता विकणार आहोत, लहानपणी तिला काय झालं ते खरं खरं कळवा.

शेजारच्या काकू हसून हसून दमल्या. "अगं, घोडीची सोयरीक जमवायलीस का काय? माहेरची चौकशी करायलीस ती!" आई म्हणाली, "एवढं शिकवलं ते यासाठीच."

आठव्या दिवशी कार्ड आलं... सगळं उर्दूत! मला एक अक्षर लागेना. घरातली पहिली पदवीधर मी, आणि कार्ड हातात घेऊन उभी. आबा निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले. त्यांनी मनगटाची पट्टी सांभाळत कार्ड घेतलं आणि बोट ठेवून वाचायला लागले.

तांबडी जन्मली आणि तिची आई गेली. महबूबसाहेबांच्या बायकोनं तिला शेळीच्या दुधावर वाढवलं. जहागिऱ्या गेल्या होत्या, घोडे घेणारे उरले नव्हते. त्यात हिच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा. दोन जत्रांना नेली, दोन्ही वेळा परत आणली.

आबा थांबले. घोडा घेताना आमच्याकडं आधी भोवरे बघतात. डोळ्याखालच्या भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात, असा घोडा मालकाच्या घरात रडं आणतो असं मानतात. त्या एका भोवऱ्यापायी आबांनीच चांगली चांगली जनावरं नाकारलेली मी पाहिली आहेत. तिला वाचवायला पत्र लिहिलं, आणि मीच तिला घराबाहेर काढणार होते...

आबा पुढं वाचू लागले. तिसऱ्या जत्रेआधी महबूबसाहेबांनी तापलेल्या लोखंडानं तो भोवरा जाळून टाकला. ती ओळ आबांनी होती तशीच वाचली. "मेरे हात का पानी पीती थी, इस वास्ते दाग देने कू भी मैं हीच गया." खाली लिहिलं होतं, चुलीचं खोटं सांगितलं, माफ करा. उजव्या गालाकडून हात नेऊ नका. डाव्या अंगानं जा, आधी हात हुंगू द्या.

आबांनी कार्ड गुडघ्यावर ठेवलं. मी भूमच्या माणसाचा विषय काढणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "त्याला हे सांगावं लागंल. न सांगता इकली तर मीबी त्यातलाच."

"आणि सांगितलं तर तो घेणार नाही..."

"न्हाईच घ्यायचा." मग आईकडं वळून म्हणाले, "काय गं, आसूढाळ घरात येऊन दोन वर्षं झाली. रडं काय झालं आपल्यात?"

आई म्हणाली, "पोरीचा निकाल लागला तवा मी रडले की."

"तेवढंच न्हवं?" आबा उठले. डाव्या अंगानं तांबडीपाशी गेले, तळहात पुढं धरून उभे राहिले. तिनं हुंगलं, फुरफुरली, परत हुंगलं... लगाम चढला. पट्टी बांधलेल्या हाताला तिनं दातही लावला नाही.

खरं सांगू, मला महबूबसाहेबांचा राग आला होता. पण कुणी विचारणारं नसताना दोन वर्षं त्यांनी ते कसं बाळगलं असेल, हेही मनात येतं. चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, वाढवलेलं ते लेकरूच होतं.

त्याच दिवसापासून मी आबांकडं उर्दू गिरवायला लागले. ते टांगा सोडून आले की अंगणात पाटी घेऊन बसतो. चुकले की आबा मास्तरांसारखे डोळे वटारतात, आणि त्यांना ते फार आवडतं, हे मला दिसतं.

काल माझं पहिलं कार्ड लिहून झालं. 'घोडी आमच्याकडेच आहे. आता चावत नाही. चाचींना घेऊन या, टांगा पाठवतो.' अक्षर वाकडंतिकडं आहे, पण आबा म्हणाले, वाचता येतंय. आज सकाळी शाळेत शिकवायला जाताना ते मी पोस्टाच्या पेटीत टाकलं.