नावाड्याच्या पोराचं पुढे काय झालं

दादा मोटरसायकलवरून पडला त्या वर्षी मी जव्हारमध्ये एका सायबर कॅफेत नोकरीला होतो. दादा सूर्यमाळकडच्या आश्रमशाळेत शिक्षक. मोखाड्याहून घरी येताना एका वळणावर खडीवरून गाडी घसरली आणि तो खालच्या दगडांवर पाठीवर आपटला. मणका गेला. कमरेखालचं त्याला काही कळेना. मुंबईला ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे आता असंच राहणार, पण नीट काळजी घेतली तर असा माणूस वर्षानुवर्षं जगतो. हे शेवटचं वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. पुढे मी जे काही लिहिलं, ते हे वाक्य माहीत असताना लिहिलं.

पहिले काही महिने माणसं येत राहिली. पाड्यांवरची पोरं आईबापांबरोबर यायची, कोणी करवंदं आणायचं, कोणी कंटोळी. एक म्हातारा दारातूनच ओरडायचा, "गुरुजी, साळंत कदी येणार?" दादा म्हणायचा, "घंटा झाली की येतो." मग सगळे हसायचे. पुढे दिवाळीनंतर त्यातली निम्मी घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर गेली, आणि जी राहिली तीही येईनाशी झाली. जे यायचे ते खुर्च्या ओढून दादाच्या अंगावरून एकमेकांशी बोलायचे. रजा किती उरली, जागेवर कोण आलं, असं. तो टीव्हीकडे तोंड करायचा.

टीव्हीवर त्या काळात जपानी कार्टून हिंदीत लागायची. शाळेत असताना पोरांना "कार्टून बघून डोक्याचा भुसा झालाय" म्हणणारा माझा भाऊ त्यातलंच एक रोज बघायला लागला. एका धरणात बुडालेल्या गावाची गोष्ट. तलावावर एक पोरगा नाव चालवतो. संध्याकाळ झाली की त्या बुडालेल्या गावातली माणसं येऊन नावेत बसतात. आपण मेलोय हे त्यांना माहीत नसतं. प्रत्येकाला आपापल्या दारात उतरायचं असतं, आणि दार तर पाण्याखाली. पोरगा त्यांचं ऐकून घेतो, विचारत विचारत त्यांना कुठेतरी पोचवतो.

एके दिवशी गोष्ट ऐन भरात असताना चॅनलवाल्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. दादा चिडला. "वहीची अर्धी पानं कोरी ठेवून दिली की रे यांनी," म्हणाला. "जरा बघ तुझ्या त्या इंटरनेटात."

बघितलं. कार्टून पुस्तकांवरून केलेलं होतं. जपानमध्ये शाळकरी पोरांसाठी खिशात मावतील अशा छोट्या कादंबऱ्या निघतात, मधूनमधून चित्रं असलेल्या. लाइट नॉव्हेल म्हणतात त्यांना. नावाड्याच्या पोराचे तिथे बरेच भाग आले होते आणि गोष्ट पूर्ण झाली होती. इंग्रजीत मात्र एकही पुस्तक नव्हतं. कुठल्याशा देशातला एक वाचक आपल्या हौसेने, फुकट, एकेक प्रकरण इंग्रजीत करून साइटवर टाकत होता. त्याचे तीन भाग झाले होते आणि चौथा चालू होता.

कॅफेत रद्दीतल्या पाठकोऱ्या फॉर्मांवर मी ती प्रकरणं छापायला लागलो. दादा डिक्शनरी उशाशी घेऊन वाचायचा. आधी चित्रांची टिंगल. "पोरींचे डोळे बशीएवढे काढलेत आणि नाक काढायला विसरलेत. वहिनी तुझी बघ, हिचं उलटं आहे." आतून वहिनीचा आवाज यायचा, "उद्यापासून नाकानेच भाकऱ्या थापते." मग तो तिला मोठ्याने गोष्ट सांगायचा. ती नाचणीचं पीठ मळता मळता ऐकायची आणि मध्येच विचारायची, "आणि त्या लोहाराच्या बायकोचं काय? तिला उतरवलं की नाही?" त्या घरात अपघातानंतर पहिल्यांदा कोणीतरी कोणालातरी पुढे काय म्हणून विचारत होतं.

तिसरा भाग संपला त्या दिवशी मी घरी आलो तर दादा कागद छातीवर ठेवून पडला होता.

"तुझ्या काही लक्षात आलं का?" त्याने विचारलं.

"काय?"

"पोरगा जेवत नाही. तीन पुस्तकांत एकदाही जेवलेला नाही. काठावरचं जिवंत माणूस एकही त्याच्याशी बोललेलं नाही. त्याच्या अंगावरून बोलतात."

"म्हणजे तोही...?"

"तेच तर कळायला पाहिजे. तो जिवंत आहे की नाही. पुढचं आण."

चौथ्या भागाची होती तेवढी प्रकरणं आणून दिली. त्यांत उत्तर नव्हतं, आणि त्यापुढचं काही नव्हतं. भाषांतर करणाऱ्याने चौथ्या भागाच्या मध्यावर हात थांबवला होता. नोकरी लागलीय, वेळ मिळत नाही, असं त्याने लिहिलं होतं. दादा रोज विचारायचा. मी दारात चपला काढत असतानाच, "आलं?" नाही म्हटलं की तो जुनेच कागद पुन्हा काढायचा.

त्या साइटवर वाचकांचा एक फोरम होता. तिथे यादी असायची, इंग्रजीत यावीत असं लोकांना वाटणाऱ्या पुस्तकांची, आणि तिच्यावर मतं पडायची. इंग्रजीतले प्रकाशक ती यादी बघतात, असं तिथे म्हणायचे. एका कॉम्प्युटरवरून एकच मत. आमच्या कॅफेत होते तेवढ्या सगळ्या मशीनवरून मी मत दिलं. गिऱ्हाईक नसेल त्या दुपारी मोखाड्यातल्या एका ओळखीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन तिथूनही दिलं. एवढं करून आमचं पुस्तक यादीत खालीच. मग मी फोरमवर एक मजकूर लिहिला. लिहिलं की मी भारतातल्या डोंगराळ भागातला. माझा भाऊ अंथरुणाला खिळलेला शिक्षक. त्याला या गोष्टीचा शेवट वाचायचा आहे. इथपर्यंत खरं होतं. मग मी बोट कीबोर्डवर ठेवून थोडा थांबलो आणि पुढे लिहिलं की डॉक्टरांनी त्याला एका वर्षाची मुदत दिली आहे.

का लिहिलं? नुसत्या पांगळ्या माणसासाठी कोण मत देणार, असं वाटलं. मरणाऱ्यासाठी देतील.

त्यांनी दिली. दुसऱ्या दिवशी उत्तरांची पानंच्या पानं होती. ब्राझीलहून, फिलिपाइन्सहून, अमेरिकेतून. कोणी प्रार्थना केली होती, कोणी नावाड्याचं चित्र काढून पाठवलं होतं. लोक माझा मजकूर दुसऱ्या साइटवर नेऊन लावत होते. आमचं पुस्तक यादीत चढत गेलं. आणि मी, ज्याला जव्हारमध्ये प्रिंटरात कागद अडकला की हाक मारायचे, तो तिथे कोणीतरी झालो. लोक सकाळी विचारायचे, भाऊ कसा आहे. मी लिहायचो, कालची रात्र वाईट गेली. दादा त्या रात्री घोरत असायचा.

घरी आई होती. साधं "मरू दे" म्हटलं तरी ती म्हणायची, "घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते." मी मनात म्हणायचो, मी घरात कुठे बोलतोय, मी कॅफेत लिहितोय. असल्या पळवाटेने मी महिने काढले.

दादाने एकदा विचारलंही. "तिकडे माझ्याबद्दल काय लिहितोस तू?"

"काही नाही. आजारी आहेस म्हणून."

"आजारी नाही मी. पडलेला आहे. तसं लिही."

एक गोष्ट मला माहीत होती. त्या साइटच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होती. या हौशी भाषांतरकारांचा एक रिवाज असतो. एखाद्या प्रकाशकाने पुस्तक इंग्रजीत काढायचं जाहीर केलं की त्याच दिवशी हे लोक आपलं भाषांतर साइटवरून काढून टाकतात आणि पुढचं थांबवतात. लेखकाच्या पोटावर पाय नको म्हणून. चांगला रिवाज आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण आम्ही मतं मागत होतो ती प्रकाशक यावा म्हणून. प्रकाशक आला तर पुस्तक अमेरिकेतल्या दुकानात लागणार होतं. जव्हारच्या दुकानात गाइडं आणि वह्या मिळतात. मी कशासाठी मतं मागतोय याचा हिशेब मला कळत नव्हता असं नाही. विचार पुढे ढकलत होतो.

आता जे सांगायचं आहे ते गेल्या वर्षापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं.

एका दुपारी तो भाषांतर करणारा स्वतः चॅटवर आला. कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर ऊन रणरणत होतं. त्याने लिहिलं, तुझ्या भावाबद्दल वाचलं. चौथा भाग पुरा करायला मला वेळ नाही, त्याचं वाईट वाटतं. पण मी सगळी पुस्तकं जपानीत वाचलेली आहेत. तुझ्या भावासाठी मी शेवट थोडक्यात आता इथेच लिहून देतो. पोराचं काय होतं ते सांगू?

पडद्यावर ते वाक्य होतं आणि कर्सर लुकलुकत होता. घर चालत जाण्याच्या अंतरावर. "सांग" एवढं लिहायचं होतं.

मी लिहिलं, नको. आम्ही पुस्तकाची वाट बघू. त्याला पुस्तकच हवं आहे.

खोटं. दादाला पुस्तक नको होतं. त्याला फक्त एवढंच कळायला हवं होतं की पोरगा जिवंत आहे की नाही. पुस्तक मला हवं होतं. दादाला शेवट कळला असता तर माझ्या मोहिमेत काय उरलं असतं? उद्या सकाळी मी फोरमवर काय लिहिणार होतो? त्याने लिहिलं, तुझ्या भावाच्या धीराला सलाम. आणि तो गेला.

महिन्या-दोन महिन्यांत प्रकाशकाची घोषणा झाली. फोरमवर आनंदीआनंद. माझं नाव घेऊन लोकांनी अभिनंदन केलं. त्याच संध्याकाळी मी साइट उघडली तर सगळ्या प्रकरणांच्या जागी कोरं पान आणि खाली दोन ओळी, पुस्तक विकत घेऊन लेखकाला साथ द्या. भाषांतर करणाऱ्याला मी चॅटवर गाठायचा प्रयत्न केला. उत्तर आलं नाही. त्याने साइटच सोडली होती.

दादाला सांगितलं, "इंग्रजीत येतंय. छापील."

त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. "कधी?"

"पहिला भाग पुढच्या वर्षी."

"पहिला वाचलाय आपण. चौथा कधी?"

वर्षाला दोन, फार तर तीन भाग निघतात. त्याने मनातल्या मनात मोजलं असावं. "असू दे," म्हणाला. "तुला बरं वाटलं ना." वहिनीने आतून विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "काही नाही. नाव बंद आहे म्हणे काही दिवस."

पावसाळ्यात त्याच्या पाठीवरची जखम चिघळली, मग लघवीचा त्रास, मग ताप. आम्ही काळजी घेतली नाही असं नाही. वहिनी दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, त्यात माझाही हात असायचा. पण ताप उतरेना. दवाखान्यात नेलं. तिथल्या कॉटवर, अर्धवट ग्लानीत, त्याने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"तुला माहीत आहे ना रे? तो आहे की नाही?"

"नाही दादा. माहीत नाही."

हे खरं होतं. आणि ते खरं का होतं, ते फक्त मला माहीत होतं. तो दुसऱ्या दिवशी गेला. मी फोरमवर लिहिलेली मुदत अजून संपायची होती.

फोरमवर मी कळवलं नाही. पुन्हा तिथे गेलो नाही. कॅफेची नोकरी सोडली, पंचायत समितीत लागलो, अजून तिथेच आहे. त्या प्रकाशकाने इंग्रजीत दोन भाग काढले आणि खप नाही म्हणून थांबवलं. चौथा भाग आजवर इंग्रजीत आलेला नाही. अशा अर्धवट राहिलेल्या पुस्तकांच्या याद्या अजून निघतात, त्यांत ते असतं. खाली तरुण पोरं लिहितात, कधीतरी येईल. मी वाचतो. काही लिहीत नाही.

गेल्या वर्षी वहिनीकडे जेवायला गेलो होतो. आई गेल्यापासून ती त्या घरात एकटीच असते. ताट वाढता वाढता तिने सहज विचारलं, "भाऊजी, त्या नावाड्याच्या पोराचं शेवटी काय झालं हो? तुम्ही कुठे वाचलंत का पुढे?"

मी सगळं सांगितलं. वर्षाची मुदत, रोजची खोटी खबर, चॅटवरचा तो माणूस, मी लिहिलेलं "नको". ती पळी हातात धरून उभीच होती. आमटी पळीतून ताटाबाहेर सांडली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे विचारलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं?"

"हो."

"आणि हे रोज विचारत होते."

"हो."

तिने फडकं घेऊन सांडलेलं पुसलं. पुसून झालं तरी तिथेच पुसत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मुदत लिहिलीत म्हणून हे गेले, असं मी म्हणणार नाही. माझा त्या तथास्तुवर विश्वास नाही. ताप आला, गेले. पण भाऊजी, त्या माणसाला दुसरं काही उरलेलंच नव्हतं हो. एवढी एकच गोष्ट विचारायची उरली होती."

तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. "जेवा," म्हणाली, आणि स्वतःसाठी वाढून न घेताच आत गेली. मी जेवलो. ताट घासून ठेवलं. निघताना "येतो वहिनी" म्हणून हाक मारली. आतून नळाचा आवाज येत होता. मी थोडा वेळ उंबऱ्यात थांबलो, आणि मग दार ओढून घेतलं.