काचेतलं आभाळ

गल्लीत त्याला सगळे काचवाला म्हणत. त्याची थोरली बहीण काच्या म्हणे. दुसऱ्यांच्या भिंतींत गवंडी भोकं ठेवून जात आणि त्या भोकांत हा काच बसवून देई. काच कापायची हिरकणी फिरवताना काचेतून जो बारीक कर्र आवाज येतो, त्यावरूनच त्याला कळे की काच सरळ तुटणार की वाकडी. बोलायला तसा कमीच. पण काच बसवून, स्पिरिट आणि रद्दी कागदाने पुसून झाली की तो घरमालकाला खोलीत दोन पावलं मागे उभं करी आणि विचारी, "आहे का काही?" मालक म्हणे, "काहीच नाही." तेवढ्यावर हा दिवसभर खूश असे.

ताई बसमध्ये कंडक्टर होती, आता निवृत्त. लग्न दोघांचंही राहून गेलं होतं आणि त्याचं खापर दोघं एकमेकांवर फोडत. गेल्या वर्षी ताई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज उभं राहायचं, नाहीतर पाय विसरतील. ताई म्हणाली, "जन्मभर उभीच होते. आता बसायची पाळी माझी." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. महिना गेला. पोटऱ्या काठ्यांसारख्या झाल्या. जेवणाचं ताट तिथेच, बोलणं तिथेच, सगळं त्या पोपडे आलेल्या भिंतीशी.

एके दिवशी काचवाल्याने गवंडी बोलावून ताई पडून असे त्या मागच्या खोलीची परसाकडची भिंत फोडून घेतली आणि तिथे एकसंध मोठी काच बसवली. पलीकडे परसात कपडे धुवायचा दगड, एक आडवंतिडवं वाढलेलं झाड आणि शेजाऱ्याची भिंत. झाडाखाली एक तुटका ओंडका होता. त्यावर त्याने पसरट ताटली ठेवली आणि तिच्यात मूठभर धान्य टाकलं. कुठून काय दिसतं, हे त्याचं रोजचं काम. ताटली अशी ठेवली होती की पलंगावरून खिडकीचा खालचा काठ नेमका आड यावा. ताटली बघायची तर उभं राहायला हवं.

आठवडाभर कोणी फिरकलं नाही. मग चिमण्या आल्या, मग साळुंक्या, मग पारवे. ताईला नुसता कालवा ऐकू येई.

"काय चाललंय रे तिथे?"

"उठून बघ."

"सांगायला तुझं तोंड दुखतं का?"

"दुखतं."

चार दिवस तिने ताणून धरलं. पाचव्या दिवशी तो हात पुसत खोलीत आला तर ताई वॉकर धरून उभी. थरथरत होती, पण उभी. "अगं, पुढे सरक ना," ती एका चिमणीला सांगत होती, "पुढे सगळी जागा रिकामी आहे." त्यानंतर सकाळी ती उठायचीच. कधी कधी दुपारीही.

त्याच सुमारास पहिली चिमणी त्याला काचेखाली सापडली. ताई अजून झोपली होती. त्याने ती तळहातावर घेतली. हातावर काही आहे हे फक्त डोळ्यांना कळत होतं, हाताला कळत नव्हतं. मान सैल पडली होती, पण पिसं एकावर एक अशी बसली होती की त्याला आपल्या कामाची लाज वाटावी. झाडाच्या बुंध्याशी त्याने ती पुरली. पुढे अशा आणखी पुरल्या. थाड असा आवाज झाला की ताई विचारी आणि तो म्हणे, "मागचं दार आपटलं." ताटली उचलायचं त्याच्या मनात येई. मग ताईची पोटरी दिसे, जरा भरलेली.

शेजारी एक निवृत्त कंपाउंडर राहत. ते भिंतीवरून डोकावून म्हणत, "रानातल्या जिवाला असं ताटावर बसवू नये. सवय लागते."

आतून ताई म्हणे, "तुम्हाला आमच्या चहाची लागली, ती मोडा आधी."

एका दुपारी काचवाला कामावरून परतला, तर ताई काचेशी उभी होती. त्याच्याकडे वळली नाही. ऊन तिरपं पडलं होतं आणि काचेवर एक पारवा होता.

पारवा नव्हता. त्याच्या अंगावरची राखाडी भुकटी होती. दोन्ही पंख पूर्ण पसरलेले, प्रत्येक पिसाची रेघ वेगळी. छातीचा गोल. शेवटच्या क्षणी बाजूला वळवलेलं डोकं, आणि डोळा असतो तिथे एक स्वच्छ ठिपका. त्याच्यातून पलीकडचं झाड दिसत होतं. काचवाल्याने आयुष्यात काचेवरून काय काय पुसलं होतं: रंगाचे शिंतोडे, तेलकट बोटं, पोरांनी दाबलेली नाकं. पण हे कोणी काढलेलं नव्हतं. एक अख्खा जीव इथवर आला होता आणि आपलं सगळं मोजमाप ठेवून गेला होता. त्याला श्वास घ्यायचीही भीती वाटली, न जाणो उडून गेलं तर.

"दार आपटत होतं ना?" ताई म्हणाली.

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

"कधीपासून आपटतंय?"

"तू उठायला लागलीस तेव्हापासून."

"आणि कुठे टाकतोस त्यांना?"

त्याने झाडाकडे बघितलं. तिनेही बघितलं.

"हा मेला का?" त्याने विचारलं.

"नाही. चोच उघडी टाकून बसला बराच वेळ. मग भिंतीवरून गेला. नीट गेला असं काही मी म्हणणार नाही." मग म्हणाली, "पूस ते."

"राहू दे की."

"पूस. तो काय फोटो आहे लावून ठेवायला?"

बाहेर जाऊन त्याने पुसलं. दोन हातांत सगळं साफ झालं. फडक्यावर काही दिसतही नव्हतं.

"आता ताटली उचल," ताई म्हणाली.

"तू उठणार नाहीस मग."

"नाही उठणार." बस इथूनच परत फिरणार, उतरा, हे ज्या आवाजात ती सांगत असे, त्याच आवाजात. "माझ्या पायांसाठी त्यांनी डोकी फोडून घ्यायची का?"

ताटली माळ्यावर गेली. ताई भिंतीकडे वळली. पक्षी मात्र येतच राहिले. रिकाम्या ओंडक्यावर बसत, इकडेतिकडे बघत, आणि कशाने तरी दचकून उडाले की एखादा काचेवर येई. थाड. ताई पलंगावर डोळे मिटून घेई. विचारत नसे.

बोलावणं थांबवलं की येणं थांबतं, असं त्याला वाटलं होतं.

मग एका सकाळी तो परसात गेला आणि ओंडक्यापाशी उकिडवा बसला. डोकं ताटली असायची त्या उंचीवर आणलं. आणि काचेकडे बघितलं.

तिथे आभाळ होतं. खोल, निळं, मागे मागे गेलेलं. त्यात तेच झाड उभं होतं, पण जास्त हिरवं, आणि त्याच्यामागे आणखी एक परसू, तिथेही ऊन. एक ढग आतल्या आत सरकत होता. घर नव्हतं. पलंग नव्हता. ताई नव्हती. तो जरासा पुढे झुकला, तर त्या आभाळातून एक म्हातारा उकिडवा बसून त्याच्याकडे झुकला.

उभा जन्म तो काचेच्या आतल्या बाजूला उभा राहून 'आहे का काही?' विचारत आला होता. या बाजूने त्याने कधी विचारलंच नव्हतं. दवाखान्याचा जिना, कपड्यांचं दुकान, शाळेचा व्हरांडा: गावभर त्याने हे असं आभाळ लावून ठेवलं होतं, घट्ट, एकाही रेघेशिवाय. यात शिरायला चिमणीने का नाही म्हणावं? तोही गेला असता.

गुडघे बधिर झाले तेव्हा उठला.

नव्या इमारतीत मोठी काच बसवली की तिच्यावर चुन्याची फुली मारतात, म्हणजे पाइप घेऊन चाललेला मजूर तिच्यातून आरपार जात नाही. त्याने चुना कालवला, बाहेरून भली मोठी फुली मारली. थोड्याच वेळात एक चिमणी फुलीच्या दोन हातांमधल्या मोकळ्या जागेत नेमकी शिरायला गेली. हलकीच आपटली, उडून गेली. फुली माणसाला पुरते. चिमणीला फट दिसते.

मग त्याने लांब पट्टी घेतली आणि वरपासून खालपर्यंत रेघा ओढल्या. दोन रेघांत हाताच्या पंजाचंही अंतर नाही. अख्खी काच भरेपर्यंत. त्याचा हात सवयीने सरळच चालत होता.

ताई आतून बघत होती. "तुरुंगात टाकलंस की काय मला?"

"त्यांना काच दिसावी म्हणून."

"आणि मला काय दिसावं?"

"फटीतून दिसेल. उभी राहिलीस तर."

"काच्या, धंद्यातली माणसं हसतील तुला."

"हसू देत."

त्याने माळ्यावरून ताटली काढली, धान्य टाकलं आणि चुन्याची बादली घेऊन भिंतीच्या कडेला उभा राहिला. ताई उठली नाही. चिमण्या आल्या, दाणे टिपायला लागल्या. एवढ्यात झाडावरून कसली तरी सावली झरकन गेली आणि सगळा थवा मूठभर दाणे भिरकावावेत तसा काचेकडे सुटला. बादली त्याच्या हातातच राहिली.

काचेपासून हातभर अंतरावर सगळ्या एकदम उभ्या झाल्या. पोटं पांढरी चमकली, शेपट्या पंख्यासारख्या उघडल्या आणि थवा काचेच्या अंगाअंगाने सरळ वर गेला, छपरावरून पलीकडे. पंखांचा वारा त्याच्या तोंडावर आला. तो आवाजाची वाट बघत राहिला. आवाज आला नाही.

मग आतून फरशीवर वॉकरचा ठक, ठक ऐकू आला. थांबत थांबत जवळ आला. दोन रेघांच्या मधे ताईचा चेहरा दिसला.

"आपटलं नाही काही," ती म्हणाली.

"नाही."

"गेल्या कुठे?"

"वर."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिने मान वर करून बघितलं. छपराच्या कडेपलीकडे तिला काही दिसलं नाही. "आणि मी पडून होते," ती म्हणाली.

"खुर्ची आणू? येतील परत."

"नको." तिने वॉकर जरा पुढे सरकवला, पाय नीट टेकले. "आल्या की सांगू नकोस. बघते मीच."