बुटाच्या चोचीचा पक्षी आणि बाबांचं पान

आमच्या बाबांच्या पितृपक्षातल्या पहिल्याच पानाला दोन तास दहा मिनिटं कावळा शिवला नाही, आणि त्याला आफ्रिकेतल्या दलदलीत राहणारा एक पक्षी जबाबदार आहे. थोडाफार मीही आहे, पण ते ओघाने येईलच.

मी आमच्या कापडे गावाहून महाडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जातो. पोलादपूरपर्यंत मोटरसायकल, पुढे कंपनीची बस. बसमध्ये बाकीचे तोंडं उघडी टाकून झोपतात. मी मात्र मोबाईलवर अभ्यास करतो. विषय एकच : जगातले भयंकर दिसणारे पक्षी! ऑस्ट्रेलियातला कॅसोवरी, डोक्यावर हेल्मेट घालून जन्मलेला, एका लाथेत माणसाचं पोट फाडणारा. दक्षिण अमेरिकेतला पोटू, दिवसभर लाकडाच्या ओंडक्यासारखा बसतो आणि तोंड उघडलं की बघणाऱ्याची बोबडी वळते. मॅराबू करकोचा, टकल्या, गळ्यात मांसाची पिशवी लोंबते. हाडं गिळून पचवणारं दाढीवालं गिधाड. ही सगळी माहिती मी घरी जेवताना देत असे (त्यामुळे आमच्या घरात जेवणं लवकर उरकत).

या सगळ्यांत माझा लाडका म्हणजे शूबिल. माणसाच्या छातीला लागेल एवढी उंची, राखाडी अंग आणि चोच म्हणजे अक्षरशः बूट! तो तासन् तास एका जागी उभा राहतो आणि समोरच्याकडे असा बघतो, की आपण काहीतरी चोरलंय असं आपल्यालाच वाटायला लागतं.

बाबा शेवटी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मी एकदा त्यांच्या उशाशी बसून त्यांना शूबिलचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. मग विचारलं, "ह्यो करतो काय?"

"काही नाय. चार-चार तास नुसता उभा राहतो."

"म्हंजे तुझ्यावानीच हाय," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी माझी पहिली पाळी होती. मी कामावर असतानाच बाबा गेले. म्हणजे आमचं शेवटचं बोलणं ते. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण वर्षभर ते पायात काट्यासारखं सलत होतं. बाबा माझ्यावर नाराज होऊनच गेले, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

तर त्या वर्षी भाद्रपदात भात छान निसवलं, दाण्यात दूध भरायला लागलं आणि चिमण्या-पोपटांची धाड पडली. आमचं शेत घराच्या परसाला लागूनच. बाबा असताना जुना सदरा आणि मडकं घालून बुजगावणं उभं करायचे. मी म्हटलं, एवढा अभ्यास केलाय तो काय उगाच? मी शूबिल करायला घेतला.

चोचीसाठी कंपनीतले माझे जुने सेफ्टी शूज, नऊ नंबरचे. एक वर, एक खाली. अंगाला पेंढा, त्यावर राखाडी ताडपत्री. डोळ्यांना मोटरसायकलच्या मागच्या दिव्याच्या लाल काचा (खऱ्या शूबिलचे डोळे पिवळट असतात, पण पिवळी काच काही मिळाली नाही). पहिले दोन दिवस चिमण्या त्याच्या डोक्यावर बसून दाणे सोलत होत्या. हा अपमान मला सहन झाला नाही. मी सायकलच्या पुढच्या चाकाचा जुना हब काढून बांबूच्या टोकाला बसवला आणि त्यावर त्याचं मुंडकं चढवलं. आता जरा वारा आला, की शूबिल हळूच मान वळवायचा आणि सबंध परसाकडे एक नजर टाकायचा. एकदम खलास!

दुसऱ्या दिवसापासून शेत मोकळं. चिमण्या गेल्या, पोपट गेले. माझी बायको सुनंदा कपडे पुढच्या अंगणात वाळत घालायला लागली. मागं कुणीतरी बघतंय असं वाटतं, म्हणे. मी व्हॉट्सअॅपला शूबिलच्या फोटोसकट स्टेटस ठेवलं : "चार दिवसांत एक कावळासुद्धा फिरकला नाही!" ठाण्याहून ताईने त्यावर शाबासकीचा अंगठा पाठवला. मला धन्य धन्य वाटलं.

आणि पाचव्या दिवशी बाबांची तिथी आली.

ताई आणि भावजी सकाळच्या गाडीने आले. वरच्या वाडीतून काका आले, बाबांचे धाकटे भाऊ. सुनंदा आणि आये पहाटेपासून चुलीपाशी. खीर, उडदाचे वडे, भोपळ्याची भाजी, अळूचं फदफदं, सगळं बाबांच्या आवडीचं. साडेबाराला मी शिडी लावली, मागच्या पडवीच्या कौलांवर पान ठेवलं, खाली उतरून हात जोडले आणि "काव काव" केलं. कावळा शिवल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही.

एक वाजला. एरवी आमच्याकडे कावळे एवढे, की मोरीतला साबण पळवतात. त्या दिवशी आभाळात काळा ठिपकासुद्धा नाही!

काका म्हणाले, दादाच्या मनात काहीतरी राहिलंय. मग आठवून आठवून म्हणाले, दादाचा बांधावरच्या फणसावर फार जीव होता, आणि तो फणस तू तोडायला निघालायस. आता तो फणस मी तोडणार होतो हे खरं, पण तो सावली काकांच्या अंगणाला देतो हेही तितकंच खरं. पण बोलायची सोय नव्हती. मी कौलांकडे बघून हात जोडले. "बाबा, फणसाला हात लावणार नाय." सगळे वर बघत राहिले. कावळा नाही.

मग ताईला कंठ फुटला. गणपतीला आम्ही यायचो तेव्हा बाबा स्वतः महाडच्या स्टँडवर आम्हाला घ्यायला यायचे, आता कुणी येत नाही, असं म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला. मला खरंच वाईट वाटलं. येईन म्हटलं, दरवर्षी येईन. डोळे पुसून ताई लगेच म्हणाली, की तू जेवताना मोबाईल बघतोस तेही बाबांना अजिबात पसंत नव्हतं. तेही सोडलं! दीड वाजून गेला होता, खिरीवर साय धरली होती आणि मी एकामागून एक वचनं देत सुटलो होतो. वर मात्र सगळं शांत.

दर्भाचा कावळा करून पानाला लावावा, असं काकांनी सुचवलं. भूक त्यांनाही लागली होती. आये म्हणाली, ह्यांना दर्भाचं चालायचं नाय.

मग भावजी पुढे सरसावले. ते ठाण्यात मोबाईलच्याच दुकानात कामाला आहेत. म्हणाले, टेन्शन नॉट, कावळ्याचा आवाज नेटवर मिळतो. आमच्याकडे रेंज फक्त गोठ्यात येते, तीही माझ्या मोटरसायकलच्या सीटवर उभं राहिलं तर. भावजी उभे राहिले. आवाज मिळाला. ते मोबाईल उंच धरून परसात आले, आम्ही सगळे हात जोडून उभे, आणि त्या मोबाईलमधून एक बाई म्हणाली, "गुडघेदुखीने हैराण आहात?"

तेलाची जाहिरात! पाच सेकंद कुणी हललं नाही. मग कावळे ओरडले, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण आये पायरीवर बसली होती.

"ह्यांनी मला सवच्या ऊन पाण्यावर न्यायचं कबूल केलं व्हतं," ती म्हणाली. "गुडघ्यांसाठी. आज नेतो, उद्या नेतो करता करता ऱ्हायलं. त्येच आसंल त्यांच्या मनात."

महाडपासून सवचे गरम पाण्याचे झरे ते किती लांब? मी रोज महाडला जातो. आईचे गुडघे रोज बघतो. आणि तिला ऊन पाण्यात पाय बुडवून बसवायचं एकदाही मनात आलं नव्हतं. चार-चार तास नुसता उभा! बाबांनी बरोबर ओळखलं होतं मला. मी रडायच्या बेतात आलो. (भावजी म्हणतात, रडलोच.) मी हात जोडले.

"बाबा, दर रविवारी नेईन. पाऊस असो, काय असो. आता तरी शिवा."

आये पदराने तोंड पुसत उठली आणि सुनंदाला म्हणाली, "जा गो, जरा मागं बघून ये, म्हस सुटली वाटतं."

सुनंदा गेली. पाचेक मिनिटांनी शेताकडून परतली, तेव्हा तिच्या एका हातात डावा बूट होता आणि दुसऱ्या हातात उजवा. कुणाला कळायच्या आत तिने ते दारातल्या चपलांच्या ढिगात ठेवून दिले आणि डोक्यावर पदर घेऊन आयेच्या मागे उभी राहिली. मी शेताकडे बघितलं. भाताच्या वर ताडपत्रीचं नुसतं धड उभं होतं. तेव्हा कुठे, दुपारी दोन पस्तीसला, माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दोन चाळीसला कावळा आला. वळचणीला बसला, मान वाकडी करून शेताकडे बघून घेतलं आणि सरळ वडा उचलला.

"वडाच उचलला आधी," आये म्हणाली. "ह्यांचंच बघा." काकांनी डोळे पुसले. ताई हुंदके देत होती. भावजी पाटावर जाऊन बसलेसुद्धा.

आता सांगा, अशा वेळी खरं सांगायचं कुणाच्या तोंडाने? आयेला वाटतंय की नवऱ्याने तिचं म्हणणं ऐकलं, आणि मी म्हणू, की नाही गं, माझ्या बुटांनी कावळे पळवले होते? मी गप्प बसलो. सुनंदालाही एकट्यात बजावलं, की आयेला यातलं काही कळता कामा नये, तिचं समाधान मोडायचं नाही. ती मान खाली घालून हो म्हणाली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, तिलाही भरून आलंय.

फणस उभा आहे. गणपतीला मी स्टँडवर हजर होतो. जेवताना मोबाईल फडताळात. आणि दर रविवारी आये माझ्यामागे मोटरसायकलवर एका अंगाने बसते, आम्ही सवला जातो, ती ऊन पाण्यात पाय सोडते आणि मला बाबांच्या तरुणपणीच्या गोष्टी सांगते. गुडघ्यांना किती फरक पडला ते तिलाच ठाऊक. मला पडला. एवढं मोठं गुपित आईसाठी पोटात ठेवल्याबद्दल मला माझाच अभिमान वाटायचा.

या वर्षी मी तिथीच्या आधी आठवडाभर शूबिल उतरवून माळ्यावर टाकला. साडेबाराला पान ठेवलं. मी शिडीवरून उतरायच्या आत कावळा हजर! मी खुशीत आयेकडे बघितलं. तिचं तोंड उतरलेलं.

"आला पन येवढ्यात?" ती म्हणाली. "तुझा तो बूटवाला नाय लावलास व्हय रे औंदा?"

मी शिडीवरच थांबलो.

"मला मोरीत नळ पायजे व्हता," आये म्हणाली.

"आये, म्हणजे तुला गेल्या वर्षी माहीत होतं?"

"आरं, माझे गुडघे गेल्यात. डोळे नाय."

"आणि बाबांचं पान दोन तास तसंच पडलं होतं ते?"

"तुझ्या बापाला कवा येळंवर जेवायची सवय व्हती?"

सुनंदाचे खांदे पुन्हा हलायला लागले होते, आणि या खेपेला तिला भरून वगैरे काही आलेलं नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. मी तिला म्हटलं, "म्हणजे त्या दिवशी तू म्हैस बघायला गेली नव्हतीस?"

"आपल्याकडे म्हैस कुठं हाय?" ती म्हणाली.

खरंच की. म्हैस आम्ही बाबा असतानाच विकली. तेव्हापासून तो गोठा रिकामाच आहे, आणि त्यात रोज मोटरसायकल लावणारा माणूस मीच!