जंगूभाऊची आदल्या दिवशीची फेरी

आमच्या कॉलेजात सहलीची फाईल बनते तेव्हा तिच्यात सगळ्यांची नावं असतात. मुलं, मॅडम, बसचा ड्रायव्हर, अगदी प्रथमोपचाराची पेटी कोणाजवळ तेही. जंगूभाऊचं नाव त्यात कधीच नव्हतं. आणि मला, वनस्पतीशास्त्राच्या मॅडमला, बारा वर्षं जंगल दाखवलं ते त्यानंच! सांगायलाही लाज वाटते.

शाळेत गेलेला नव्हता, पण नुसत्या सालीवरून झाड ओळखायचा. सहलीच्या आदल्या दिवशी एकटाच सगळी वाट चालून यायचा आणि दाखवायच्या प्रत्येक झाडाला पळसाच्या सालीची दोरी बांधून ठेवायचा. "पोट्ट्यायले न्याचं आहे ना मॅडम, तं वाघ कुठी आहे ते आंधी मीच पाहतो," म्हणायचा.

यंदा सहल मोहफुलांच्या दिवसांत, बुधवारची ठरली. सोमवारी दुपारी प्राचार्यांनी ती रद्द केली; कॉलेज तपासायला समिती येणार होती म्हणे. मी बसवाल्याला फोन केला, मुलांच्या ग्रुपवर टाकलं, जेवणवाल्या बाईलाही कळवलं. जंगूभाऊच्या गावात फोन लागत नाही. त्याला निरोप द्यायचा तर साडेपाचच्या एसटीच्या कंडक्टरला गाठावं लागतं. मी तेव्हा समितीसाठी बरण्यांना लेबलं चिकटवत बसले होते. म्हटलं, जाऊ दे, बुधवारी बस दिसली नाही की समजेल त्याला. कुठे शेण खायला गेली होती माझी अक्कल? मंगळवारी तो दोऱ्या बांधायला जंगलात जाणार, हे मला माहीत नव्हतं का?

बुधवारी सकाळी तो गावकऱ्यांना सापडला. वाघानं मारला होता. सात झाडांना दोऱ्या बांधून झाल्या होत्या, बाकीच्या कमरेलाच होत्या.

मी गेले तेव्हा त्याची बायको, रुखमाबाई, दारात बसली होती. "वाघ फिरून राह्यला म्हणून मले मोहफुलं येचाले जाऊ देल्लं नाई," ती म्हणाली. "अन् सोता गेले. म्हणे, उद्या मॅडमचे पोट्टे येतेत."

मी तिच्याजवळ खाली बसले.

"मॅडम, वाघाचं आयकून तुमी पोट्ट्यायले आणलं नाई ना?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण तोंडून "हो" गेलं.

तिनं माझा हात धरला. "बरं केलं मॅडम. पोट्टे तं वाचले."