बारा विहिरींचे आकडे बरोबर होते

गणपतकाका खोटारडे नव्हते. चूक माझ्या कोडमध्ये होती.

आज सकाळी ईट गावी काका वारले.

शाळेतून क्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस. आमच्या पाणी-प्रोजेक्टसाठी गावातल्या बारा विहिरी मोजायचा. दर महिन्याला अमावस्येला, मोटरी चालू व्हायच्या आधी, खडा बांधलेली दोरी घेऊन. वर्षभर. फुकट.

बारा विहिरी, बारा महिने.

आधीच्या सहकाऱ्यानं ते आकडे 'आर' या कॉम्प्युटरच्या भाषेत ठेवले होते. मला ते पायथन या दुसऱ्या भाषेत आणायचे होते. आर तक्ता उभा वाचते, मी तो पायथनला आडवा वाचायला लावला. दोन्हीकडून बाराच, त्यामुळे एररसुद्धा आली नाही. महिने विहिरींच्या जागी जाऊन बसले, मे महिना पाचवी विहीर झाला.

स्क्रीनवर पाचवी विहीर वर्षभर कोरडी, नववी वर्षभर तुडुंब. उन्हाळा-पावसाळ्याचा पत्ताच नाही.

फाइल तपासायचं सोडून मी शहाणी, ग्रामपंचायतीत भर मीटिंगमध्ये म्हणाले, "काका, घरी बसूनच भरलेत का आकडे?"

लोक हसले. मीही हसले.

"न्हाय पोरी. दोरी सोडल्याबिगर म्या एक बी आकडा लिव्हला न्हाय."

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, काका."

ते स्क्रीनकडे बघत राहिले.

"तसं असंल तर असंल, मॅडम."

तोवर कायम 'पोरी' म्हणायचे.

दोन महिन्यांनी चूक सापडली. एका ओळीची. गुपचूप दुरुस्त केली, रिपोर्ट पाठवला, शाबासकीही घेतली.

काकांना फोन केला नाही. चारचौघांत केलेला अपमान फोनवर कसा परत घ्यायचा, प्रत्यक्ष जाऊन सांगू, असं स्वतःलाच सांगत राहिले. खरं म्हणजे लाज वाटत होती, आणि धीर नव्हता.

आज घरी गेले तर काकू म्हणाल्या, "तुमी बोलल्यापासनं लई मनाला लावून घेतलं. तरी अमावस्येला जायचेच, पण दोनदा मोजायचे. दुसऱ्यांदा शेजाऱ्याला संगं न्यायचे. म्हणायचे, तू बघ रं, माज्या डोळ्यावर आता माजाच इस्वास न्हाय."

मी मान खाली घालून बसले. तिथंही तोंड उघडलं नाही.

त्या मीटिंगमधले बरेच जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. तुम्ही माझ्यासमोर त्यांना हसलात, म्हणून तुमच्यासमोरच लिहितेय.

काकांचा एकही आकडा चुकीचा नव्हता.

तिसऱ्या दिवसाच्या विधीला सगळे जमतील, तेव्हा काकूंना हे मी सगळ्यांदेखत सांगणार आहे.

काका, तुम्हाला सांगायचं राहिलं. माफी मागायलाही उशीर केला.

शेवटचा नमस्कार.