तळाची पेज

म्हातारपणी गुईचिननं कुणाला आपल्या हातानं वाढलं नाही. घरात लग्न निघालं की ती पहाटेपासून राबायची, भाज्या चिरायची, ढीगभर वाट्या घासायची; पण कुणी ओगराळं पुढे केलं की तडक उठून परसात जायची. सुना आपसांत कुजबुजायच्या, "सासूबाईंचा तोरा बघा." तोरा कसला डोंबलाचा! त्या बाईला ओगराळं बघितलं की तोंड कुठं लपवू असं व्हायचं.

चीनमधल्या आन्हुई प्रांतात, लियाव घराण्याच्या त्या गावात ती सून म्हणून आली तेव्हा सढळ हाताची म्हणून तिचं नाव होतं. पुढे सरकारी हुकमानं घरोघरच्या कढया लोखंडासाठी वितळवल्या गेल्या, घरच्या चुली बंद झाल्या आणि साऱ्या गावाचा स्वयंपाक कुळाच्या देवळात एकाच काहिलीत रटरटू लागला. तेव्हा बायकांनीच सांगितलं, वाढायला गुईचिन हवी, ती कुणाला डावंउजवं करायची नाही. केवढी फुशारली होती ती त्या दिवशी!

त्या देवळाचा लियावांना मोठा अभिमान. मिंग बादशहांच्या काळात त्यांच्या मूळपुरुषानं दुष्काळात इथंच पेज शिजवून गाव जगवलं म्हणे. पेजेत खोवलेली काडी उभी राहिली पाहिजे, आडवी पडली तर आचाऱ्याला फटके, असा त्याचा दंडक. ही गोष्ट पोरंसोरंसुद्धा घडाघडा सांगायची. आता त्याच पुरुषाच्या नावाची, देवळात पुजायची लाकडी पाटी सरपण म्हणून काहिलीखाली गेली होती, आणि पेज अशी की काडी खोवायचं कुणाच्या मनातही येऊ नये.

झालं होतं असं, की पीक आलं मूठभर आणि वर कळवलं गाडाभर. कळवलं तेवढ्या हिशेबानं सरकारनं धान्य उचलून नेलं. शाळेतले मास्तर भर सभेत म्हणाले, "हे पीक मला तर कुठं दिसलं नाही." मास्तरांना धरणाच्या कामावर धाडलं. मागं उरली त्यांची म्हातारी आई.

त्याच आठवड्यात गुईचिनचा थोरला दीर, गावच्या कामकरी तुकडीचा मुकादम लियाव शौदे, काहिलीपाशी आला.

"मास्तरांच्या घरचं ओगराळं वरूनच भरायचं."

"वरून म्हणजे, भाऊजी?"

"आता हेही शिकवू? तिची पाळी आली की ढवळायचं नाही. जमत नसेल तर सांग, ओगराळं धरायला गावात बायका पुष्कळ आहेत."

गुईचिननं ओगराळं घट्ट धरलं. ते हातात होतं म्हणून तिची लेक निंग जिवंत होती. पोर तापानं निपचित पडलेली, हातापायांच्या काड्या झालेल्या. रोज जेवणाची घंटा व्हायच्या आधी गुईचिन तळातून तांदळाचे चार दाणे, रताळ्याचा एखादा तुकडा गाळून पोरीच्या वाटीत टाकायची. ओगराळं गेलं की निंगही जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग ती वरून भरू लागली. मास्तरांची आई वाटी पुढे करायची आणि मान वळवून अंगणाकडे बघत बसायची. "आज वारा फार आहे नाही गं?" असलंच काहीतरी बोलायची. ओगराळं कुठवर बुडालं ते आपल्या नजरेला पडू नये आणि वाढणाऱ्या या पोरीला खाली बघावं लागू नये, म्हणून. म्हातारीनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. या शहाणपणानं गुईचिनला जिवंतपणी गाडलं.

थंडी वाढली तशी म्हातारीच्या पायांना सूज चढली. ती भिंत धरून धरून सगळ्यांच्या मागून येऊ लागली. गुईचिननं मनाशी ठरवलं, चुलीत गेला मुकादम, एक दिवस हिला तळाचं घालायचंच.

आणि तसा दिवस आलाही. शौदे तालुक्याच्या बैठकीला गेला. सकाळी गुईचिननं काहिलीत ओगराळं घातलं. आज कुणाचा धाक नव्हता, आणि निंगनं आदल्या दिवसापासून डोळे उघडले नव्हते. ती गाळत गेली, गाळत गेली, पोरीची वाटी शिगोशीग भरली, आणि घोटघोट करून तिच्या तोंडी घातली. मग घंटा झाली, रांग सरकली, आणि शेवटी भिंत धरत म्हातारी आली.

गुईचिननं ओगराळं थेट तळाला नेलं. लोखंडावर लोखंड खरवडल्याचा आवाज देवळाच्या दारापर्यंत गेला. वर आलं ते पाणी. तिनं पुन्हा बुडवलं, पुन्हा खरवडलं. पाणी, आणि त्यावर रताळ्याचं एक साल. 

म्हातारीनं आज मान वळवली नव्हती. तिच्या सुजलेल्या तोंडावर हसू आलं.

"पुरे पोरी. माझ्यासाठी तळ खरवडलास, यातच माझं पोट भरलं." मग हळूच म्हणाली, "निंग कशी आहे गं?"

"बरी आहे, काकी," गुईचिन म्हणाली. "सकाळी पोटभर जेवली."

"जगू दे बाई," म्हातारी म्हणाली. ते पाणी सांडू नये म्हणून वाटी दोन्ही हातांत धरून ती भिंतीच्या आधारानं निघून गेली, आणि पुन्हा कधी रांगेत आली नाही.