मास्तरांच्या शर्टाची रेघ

वृद्धाश्रमातले शिंपीमास्तर आता चार दिवसांचे सोबती होते. हात वर केला तरी त्यांना कळा यायच्या. म्हणून त्यांची देखभाल करणाऱ्या मावशीने त्यांचा शर्ट पाठीतून उभा कापला, म्हणजे पुढून अलगद चढवता येईल. मास्तर भडकले.

"असं कापतात? उंदराने कुरतडल्यासारखं?"

"मग तुम्हीच आखून द्या की," मावशी फणकारली.

कालपासून पाण्यालाही नको म्हणणाऱ्या मास्तरांनी खडू मागितला. ठेवणीतल्या शर्टावर त्यांनी रेघ ओढली. ती चांगलीच वाकडी गेली. मावशीने कापड सरळ कापलं.

मास्तरांनी कापलेली कड बोटांनी चाचपली.

"माझी रेघ सोडलीस."

मावशी ओशाळली.

"आता शिकलीस," मास्तर म्हणाले. "घाल अंगात."